शाळेमागचा वळसा

पावलं मोजायची खोड मला बाईंनी लावली. आता सत्तरी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, तरी सकाळी चहा ठेवताना ओट्यापासून साखरेच्या डब्यापर्यंत किती पावलं पडली हे मनातल्या मनात मोजलं जातंच. सून म्हणते, "आई, मोजता कशाला, बसा की." ती बिचारी चांगल्या मनानं म्हणते. पण मला राग येतो, कारण साखरेचा डबा तिनं परवाच पुन्हा लांबच्या फळीवर नेऊन ठेवलेला असतो.

बाई म्हणजे माझ्या पहिल्या नोकरीतल्या मोठ्या बाई. नगरला खेड्यातल्या बायकांसाठी एक प्रशिक्षण केंद्र होतं. तिथे त्या शिकवायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली मदतनीस होते. त्यांचा विषय होता कामाचा अभ्यास. एखादं काम करताना माणूस किती चालतो, किती वाकतो, तीच वस्तू किती वेळा उचलून पुन्हा खाली ठेवतो, हे बघायचं, मोजायचं आणि त्यातले फुकटचे कष्ट काढून टाकायचे. साखर कारखान्यात असं काहीतरी मोजतात हे लोकांनी ऐकलं होतं. पण भाकरी थापणाऱ्या बाईचं मोजमाप करायचं, हे आमच्या जिल्ह्यात कुणाच्या गावीही नव्हतं. लोक त्यांना 'पावलं मोजणाऱ्या बाई' म्हणत. त्यात कौतुक कमी आणि टवाळी जास्त असायची. बाईंना दोन्हीचं काही वाटत नसे.

त्यांनी मला त्यांची हकिगत एकदाच सांगितली, तीही एसटीची वाट बघताना, वेळ जावा म्हणून. लग्न होऊन ज्या घरात त्या गेल्या तिथे रोज वीस-पंचवीस पानं उठायची. चूल जमिनीवर, पाणी परसात, कोठी माजघराच्या पलीकडे. चार वर्षांत पाठ गेली. मग नवराही गेला. वडिलांनी परत आणून शिकायला घातलं. पुढे मुंबईला तीन महिन्यांच्या एका वर्गात त्यांनी पहिल्यांदा दोऱ्याची फळी पाहिली. "फळी बघितली आणि मला रडू आलं," त्या म्हणाल्या, "माझी चार वर्षं त्या दोऱ्यात दिसत होती." एवढं बोलून त्यांनी एसटी आली का बघायला मान वळवली.

ही दोऱ्याची फळी म्हणजे आमचं मुख्य हत्यार. एका लाकडी फळीवर घराचा नकाशा काढायचा. चूल, पाणी, कोठी, दार, जिथे जिथे बाई थांबते तिथे खिळा ठोकायचा. मग ती जशी फिरेल तसा एका खिळ्यावरून दुसऱ्या खिळ्यावर पांढरा दोरा नेत राहायचा. सकाळपासून दुपारपर्यंत फळीवर दोऱ्याचं असं जाळं होई की बघणाऱ्याला दम लागावा. दोरा सोडवून मोजला की बाई किती चालली ते कळे. शिवाय बाईंच्या गळ्यात काळ्या गोफात स्टॉपवॉच असे, आणि माझ्याकडे एक पत्र्याची डबी आणि चिंचोके. एक खेप झाली की एक चिंचोका डबीत टाकायचा. बी.ए.ची पदवी घेऊन मी चिंचोके टाकते हे ऐकून आमच्या कोल्हारच्या शेजारणी महिनाभर हसत होत्या.

माझी पहिली फळी मी आमच्याच घराची केली. घरची सोपी, म्हणून बाईंनी तीच करायला सांगितली आणि बघायला स्वतः कोल्हारला आल्या. आईला हे अजिबात आवडलं नव्हतं. आपली लेक परक्या बाईला घेऊन आपली चूल मोजायला आली, म्हणून ती सकाळभर घुश्शात होती. फळीवर सगळं ठीक होतं, फक्त एक मोठा वळसा होता. पाण्याचा रांजण पुढच्या अंगणात. तिथून पडवीतून सरळ आत आलं की चूल. पण आई दर खेपेला कळशी घेऊन गोठ्याला वळसा घालायची आणि मागच्या दारानं आत यायची. मी विचारलं तर म्हणाली, "सवय." मी फळीखाली लिहिलं, 'अनावश्यक, सवयीमुळे.'

बाईंनी ते वाचलं. "कारण विचारलंस?"

मी म्हटलं, "सवय म्हणाली ना ती."

"ते कारण नाही," बाई म्हणाल्या. चहा पिऊन आम्ही निघालो. मला वाटलं, उगाच काहीतरी चूक काढायची म्हणून काढली. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि दीडशहाणी होते.

बहात्तर सालचा दुष्काळ पडला आणि आमच्या केंद्राचं शिकवणं जवळजवळ थांबलं. सगळा जिल्हा पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर होता. कामावरच्या पोरांना आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना सुकडी वाटत. पीठ तेलात भाजायचं, गुळाच्या पाकात घालायचं, परातीत थापायचं आणि वड्या पाडायच्या. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात अशी सुकडी करणारं स्वयंपाकघर होतं. तिथली सुकडी जीपनं तीन कामांवर जायची. पण सगळ्यात लांबच्या कामावर जीप पोचायला दुपारचा एक वाजायचा. तोवर पोरं भुकेनं पेंगून जायची. तक्रारी झाल्या, आणि तालुक्याच्या साहेबांनी निरोप धाडला की बाईंनी येऊन बघावं.

साहेब सरळ माणूस होता. त्यानं सांगितलं, जीप सकाळी दहाच्या आत सुटली पाहिजे. आठ दिवसांनी मी स्वतः येऊन बघेन. सुटली तर ठीक, नाहीतर स्वयंपाकघर इथून हलवून पाथर्डीला नेतो, तिथे माणसंही आहेत आणि जागाही. मग इथल्या नऊ बायकांचं काय, असं बाईंनी विचारलं. त्या खडीवर जातील, साहेब म्हणाला, गावातल्या बाकीच्या बाया जातात तशा.

त्या नऊ जणींत एक धाकली होती. घरातली धाकटी सून म्हणून सगळ्या तिला धाकली म्हणत. वय असेल अठरा-एकोणीस, आणि सातवा महिना. नवरा ऊसतोडीला गेलेला, अजून कारखान्यावरच होता. सासू नव्हती, थोरले दीर-जाऊ वेगळे राहायचे. घरात ती आणि सासरा, दोघंच. भर उन्हात बसून दगड फोडणं तिला शक्य नव्हतं, आणि घरी बसली तर खायला काही नव्हतं. सावलीतलं काम असं गावात हे एकच होतं. आम्ही पोचलो तेव्हा तिनं मला पाणी दिलं आणि खालमानेनं विचारलं, "ताई, ऱ्हाईल का हो हितलं काम?" मी म्हटलं, राहील. इतकं ठामपणे म्हटलं की आता आठवलं तरी कानशिलं तापतात.

गावची मांडणी सांगायला हवी. शाळेच्या एका अंगाला पत्र्याची शेड होती, तिथे चुली. समोर मारुतीचं देऊळ. त्याच्या मंडपात परात गार करून वड्या कापत, डबे भरत आणि तिथेच जीप उभी राही. शेड आणि मंडप यांच्यामध्ये मोकळं अंगण, आणि अंगणात लिंबाचा पार. सरळ गेलं तर शेडपासून मंडप चाळीस पावलं. पण बायका गरम परात डोक्यावर घेऊन शाळेच्या मागून जायच्या. तिकडे काटेरी कुंपण, दगड, उतार. मी मोजली, दीडशेच्या वर पावलं भरली. परत येताना तोच वळसा. एका सकाळी तीस-पस्तीस पराती. माझी चिंचोक्यांची डबी नऊ वाजताच भरली.

दोन दिवस आम्ही नुसतं बघितलं. फळीवर आठ दोरे शाळेमागून गेले. एकच दोरा अंगणातून सरळ गेला. ती एक बाई परात घेऊन तडक पारासमोरून चालत जायची. मला ती भारी हुशार वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंना नगरला जावं लागलं. केंद्रातल्या मुलींची परीक्षा होती. जाताना स्टॉपवॉच माझ्या गळ्यात अडकवून त्या मला म्हणाल्या, "दोरा लाव, वेळ लिही. मी येईपर्यंत बदलू मात्र काही नकोस." मी मान हलवली. पण मनात म्हटलं, इतकं उघड दिसतंय, त्यात थांबायचं कशाला? बाई परत येतील तेव्हा जीप दहाला सुटत असेल, आणि माझी पाठ थोपटली जाईल.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं की आजपासून कुणीही शाळेमागून जायचं नाही. अंगणातून सरळ जायचं. त्या सरळ जाणाऱ्या बाईकडे बोट दाखवून म्हटलं, ती बघा, तिला कळतं, तुम्हाला कळत नाही का? बायकांनी पदराआडून एकमेकींकडे पाहिलं. "व्हय ताई," एवढंच म्हणाल्या.

आणि त्या दिवशी जीप आदल्या दिवसापेक्षा उशिरा सुटली.

मला काही कळेना. पावलं शंभरानं कमी झाली होती आणि वेळ वाढला होता. स्टॉपवॉच बिघडलं असेल म्हणून मी ते कानाला लावून बघितलं. चौथ्या दिवशी नीट लक्ष दिलं. बायका शेडमधून परात घेऊन निघायच्या आणि शाळेच्या कोपऱ्यावर थांबायच्या. तिथे दोघी-तिघी गोळा व्हायच्या. मग एकदम, पदर दातात धरून, मान वळवून, जवळजवळ पळतच अंगण ओलांडायच्या. मी ओरडले की थांबता कशाला. तर पुढच्या खेपेला न थांबता पळाल्या, आणि मंडपापाशी एकीचा पाय पायरीला अडखळला. परात उलटली. सुकडी सगळी धुळीत.

त्या दिवशी लांबच्या कामावर एक परात कमी गेली. जीपचा ड्रायव्हर संध्याकाळी परत आला आणि मुद्दाम मला सांगून गेला की शेवटी उभ्या असलेल्या पोरांना हात हलवत परत पाठवावं लागलं. त्याला मला दुखवायचं नव्हतं, त्याला वाटलं मला कळायला हवं. मी शाळेच्या पायरीवर बसले आणि मला रडू कोसळलं. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा रागच जास्त येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

तेव्हा ती सरळ जाणारी बाई माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "ताई, एक सांगू का? रागावू नका. मी ह्या गावची लेक हाय. नवऱ्यानं टाकलं म्हून माहेरी आले. पारावर बसत्यात ते माझे चुलते, आजे. मला त्यांच्यापुढनं जायला काय न्हाई. पन ह्या आठी जनी सुना हायेत. पारावर कुनाचा सासरा हाय, कुनाचा भाया. त्यांच्यापुढनं डोक्यावर परात घिऊन कशा जातील त्या?"

भाया म्हणजे थोरला दीर. पारावर ते म्हातारे रोज सकाळपासून बसलेले असत हे मी चार दिवस डोळ्यांनी बघत होते. रानात काम नव्हतं, खडी फोडायचं वय नव्हतं, मग जातील कुठे? फळीवर मी पाराचा खिळासुद्धा ठोकला होता. त्यावर बसलेली माणसं तेवढी मांडली नव्हती.

आणि मी काही पुण्या-मुंबईची नव्हते. मी कोल्हारची, शेतकऱ्याच्या घरातली. सासऱ्यासमोरून सून जात नाही हे मला कुणी शिकवायला नको होतं. गळ्यात घड्याळ अडकवल्यापासून मला ते दिसेनासं झालं होतं.

पाचव्या दिवशी बायका पुन्हा शाळेमागून गेल्या. सहाव्या दिवशी बाई आल्या. मी सगळं सांगितलं, परात सांडल्याचंही. वाटलं, झापतील. त्यांनी फक्त विचारलं, "पोरांना मिळालं नाही त्या दिवशी?" मी नाही म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. मग त्या उठून थेट पारावर गेल्या आणि म्हाताऱ्यांच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून, काठावर बसल्या. मी मागे उभी.

मला वाटलं, त्या त्यांना उठायला सांगणार. तसं सांगितलं असतं तर म्हातारे उठलेही असते, पण गावात ते कायमचं खटकलं असतं. बाईंनी तसलं काहीच काढलं नाही. सगळ्यात वयस्कर होते ते धाकलीचे सासरे. त्यांना आबा म्हणत. बाईंनी आबांना विचारलं की चांगलं साल असताना कडब्याची गंज रचायला तुम्हाला किती माणसं लागत, आणि एका दिवसात रानातला कडबा घरी कसा येई.

आबांचे डोळे लकाकले. दुष्काळात चांगल्या सालाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, "अवो, त्याला अक्कल लागती. गाडीपासून गंजीपातूर मानसं उभी करायची, एका हाताच्या अंतरानं. ह्यानं त्याच्याकडं द्यायची, त्यानं फुडं. मानसानं चालायचंच न्हाई. पेंडीनं चालायचं."

बाई हसायला लागल्या. मी त्यांना असं मोकळं हसताना फार कमी वेळा पाहिलं. म्हणाल्या, "आबा, हे शिकायला मी तीन महिने मुंबईला राहिले. तुमच्याकडेच आले असते तर बरं झालं असतं."

मग त्यांनी अडचण सांगितली. जीप, लांबच्या कामावरची पोरं, साहेबाची मुदत. सुनांचं नाव घेतलं नाही, धाकलीचंही नाही. आबांना न सांगितलेलंही कळलं असणार. मग शेडकडे बघत म्हणाले, "परात काय, पेंडीपेक्षा हलकी. आमी बसूनच हावो की. पर बायांच्या हातातनं कशी घ्यायची?"

त्याचं उत्तर बाईंनी आधीच हेरलं होतं. शाळेतला एक लांब बाक आणून शाळेच्या कोपऱ्यावर आडवा ठेवला. शेडपासून बाकापर्यंत बायकांची रांग, बाकापासून मंडपापर्यंत म्हाताऱ्यांची. बायकांनी परात बाकावर ठेवायची आणि हात मागे घ्यायचा. मग पलीकडून म्हाताऱ्यानं उचलायची. हातात हात नाही, नजर नाही, वळसा नाही. बाकाची उंची बाईंनी मुद्दाम धाकलीच्या कमरेशी मोजून घेतली. तिला शेवटी, बाकाशी उभं केलं. तिथे ना चालायचं ना वाकायचं, आलेली परात नुसती पुढे सरकवायची. पलीकडे पहिले उभे राहिले आबा, कारण वयानं मोठे तेच.

सातव्या दिवशी जीप पावणेदहाला सुटली. पारावर बसून पाठी अवघडलेले म्हातारे घामानं भिजले होते आणि एकमेकांची थट्टा करत होते. मी डबीत एकही चिंचोका टाकला नाही, कारण कुणी चाललंच नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी साहेब आला. जीपला टेकून, मनगटावरचं घड्याळ बघत उभा राहिला. पहिल्या पराती निघायची वेळ झाली, आणि माझं लक्ष शाळेच्या कोपऱ्याकडे गेलं. बाक नव्हता. शाळेची वार्षिक परीक्षा त्याच दिवशी सुरू झाली होती. शाळेच्या शिपायानं पहाटेच सगळे बाक वर्गात नेऊन मांडले होते, आणि त्यात आमचाही गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं. बाक शाळेचाच होता.

मी धावत जाऊन तेलाचा एक रिकामा डबा आणून पालथा घातला. पण तो गुडघ्याएवढा. बाकीच्या कुणी वाकून ठेवलीही असती, पण डब्यापाशी उभी होती धाकली, आणि तोवर रांगेतून पहिली परात तिच्या हातात आलीसुद्धा होती. फडकी घेतली होती तरी परात चटके देत होती. तिनं एकदा वाकून बघितलं. पोटामुळे वाकता येईना. पुन्हा प्रयत्न केला, आणि परात कलली. मागे परातींची रांग तुंबली. साहेब इकडे बघू लागला. धाकलीच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि ती डब्याकडेच बघत होती, कारण समोर बघणं तिला शक्य नव्हतं. समोर सासरा उभा होता.

मी तिच्या हातातली परात घ्यायला पुढे झाले. बाईंनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की दुखलं.

आबा डब्याकडे बघत होते. मग सुनेच्या हातांकडे. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, घडी घालून दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि तळवे तिच्यापुढे धरले.

"आन हिकडं, पोरी," ते म्हणाले. "पोळंल तुला."

धाकलीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. नवरा ऊसतोडीला गेला की घरात दोघंच माणसं. ती ताट उंबऱ्याशी ठेवायची आणि बांगड्या वाजवायची, मग आबा येऊन जेवायचे. पाणी संपलं की ते तांब्या आपटायचे. दोन वर्षांत ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते, आणि ती त्यांच्याशी. हे सगळं मला त्या गावच्या लेकीनं नंतर सांगितलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की धाकलीनं मान खालीच ठेवून परात त्या उपरण्यावर टेकवली आणि हात सोडला. आबांनी वळून ती पुढच्याकडे दिली. पुन्हा फिरून तळवे पुढे केले.

मग सगळ्या पराती तशाच गेल्या. जीप दहाला पाच मिनिटं असताना सुटली. साहेबानं वहीत काहीतरी लिहिलं, बाईंना बरं आहे म्हणाला आणि गेला. त्यानं फक्त जीप बघितली होती. ते त्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं. स्वयंपाकघर दुष्काळी कामं संपेपर्यंत तिथेच राहिलं, आणि धाकलीही, तिचे दिवस भरेपर्यंत.

परतीच्या एसटीत मी बाईंना विचारलं की माझा हात का धरला. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "तू मध्ये गेली असतीस तर आजची परात पुढे गेली असती. उद्या कोण मध्ये गेलं असतं?" मग म्हणाल्या, "आणि खरं सांगू, मलाही माहीत नव्हतं आबा काय करतील. फार भीती वाटली." त्यांच्या तोंडून भीती हा शब्द मी तेवढा एकदाच ऐकला. पुढे मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. त्या निवृत्त झाल्या तेव्हा दोऱ्याची फळी मला देऊन गेल्या. अजून माझ्या कपाटावर आहे, खिळे गंजलेत.

पाथर्डीहून परत आल्यावर मी दोन दिवस कोल्हारला गेले. सकाळी अंगणात दात घासत बसले होते. आई रांजणातून कळशी भरून निघाली आणि नेहमीसारखी गोठ्याकडे वळली. मी ब्रश हातात धरून तशीच बसले. पडवीत, दाराला लागून, जिथे पूर्वी आजोबांची बाज असे, तिथे आता बियाण्याचं रिकामं पिंप होतं. आजोबा दिवसभर त्या बाजेवर बसलेले असायचे, पानाचा डबा घेऊन. ते गेले तेव्हा मी पाचवीत होते.

मी म्हटलं, "आई, तू पडवीतून का जात नाहीस?"

"मामंजी बसत्यात न्हवं तिथं," ती चालता चालता सहज म्हणाली, आणि थांबली.

कळशी कमरेवर तशीच. तिनं पडवीकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून हसली. पण ते हसू लगेच मावळलं, कारण तिनं मनातल्या मनात वर्षं मोजली असणार. मीही मोजली. अकरा वर्षं, रोजच्या आठ-दहा खेपा. मला तो दोरा डोळ्यांसमोर दिसला आणि बाईंना मुंबईत रडू का आलं ते कळलं. 'अनावश्यक, सवयीमुळे' असं मी तिच्या फळीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं.

"आता जा की सरळ," मी म्हटलं.

आईनं कळशी कमरेवर सावरली. मग वळली, पडवीची पायरी चढली. पिंपाजवळ आल्यावर तिनं मोकळ्या हातानं पदर डोक्यावर नीट ओढून घेतला, मान किंचित खाली घातली आणि आत गेली.